गणिताची पदवी आणि संगीताची पदवी: खानापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीच्या नियोजनाचे प्रकरण

पीयूसीच्या दुसऱ्या वर्षात, म्हणजे कर्नाटकातील बारावीत, विज्ञान शाखेत शिकणाऱ्या, खानापूर तालुक्यातील एका मराठी भाषिक विद्यार्थिनीने आमच्या पदवीपूर्व महाविद्यालयात एक प्रश्न आणला. तिला पदवीसाठी गणित हवे होते आणि हिंदुस्थानी कंठसंगीतही हवे होते. आता एकाच वेळी दोन पदव्या घेता येतात असे तिच्या वडिलांच्या कानावर आले होते आणि तसे असेल तर दोन्ही घेऊनच टाकाव्यात, असे घरात जवळजवळ ठरलेही होते. मी तिचा गणिताचा शिक्षक असल्यामुळे हे नियोजन माझ्याकडे आले. सीमाभागातील इतर मुलांनाही हेच प्रश्न पडतात, म्हणून कुटुंबाच्या संमतीने, नाव-गाव न देता, हे प्रकरण सविस्तर मांडत आहे.

विद्यार्थिनीची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. प्राथमिक शिक्षण मराठी शाळेत झाले, दहावीला मराठी प्रथम भाषा होती आणि पीयूसीला विज्ञान घेताच सगळे विषय एकदम इंग्रजीत आले. पहिल्या सहामाहीत त्यामुळे तिचे गुण घसरले, पुढे ती सावरली. वडील वीटभट्टीवर काम करतात आणि गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात, त्यामुळे ताल तिला घरातच मिळाला. गाणे ती बेळगावातील एका गुरुजींकडे शिकते. गुरुजींच्या घरची भाषा कन्नड आहे, ते शिकवतात ते कन्नड-मराठी मिसळून, आणि त्यांच्याकडे ती ख्यालाबरोबर अभंग आणि वचनेही (कन्नड शरणांची पदे) शिकली आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत ती मध्यमा प्रथम उत्तीर्ण आहे. कुमार गंधर्वांचा जन्म ज्या सुळेभावी गावी १९२४ साली झाला ते गाव याच जिल्ह्यातले. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू या गायकांचा धारवाड-हुबळीचा परिसर इथून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. त्यामुळे या भागात मुलीने गाण्यात पदवी घ्यायची म्हटले तर कोणी भुवया उंचावत नाही. अडचण येते ती गाणे आणि गणित दोन्ही धरायचे म्हटले की.

तिची ओढ वरवरची आहे का, हे मला आधी पाहायचे होते. दोन आवडी असणे आणि दोन विद्यांचा अभ्यास पेलणे यांत फरक असतो, आणि तो फरक मुलांना स्वतःला लवकर कळत नाही. तिने एकदा वर्ग संपल्यावर मला एक गणित दाखवले होते. त्रितालात, म्हणजे सोळा मात्रांच्या तालात, समेपासून (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून) तिहाई, म्हणजे तीनदा म्हटला जाणारा तुकडा, सुरू करायची आणि शेवटचा आघात पुढच्या समेवर आणायचा, तर पहिली सम धरून एकूण सतरा मात्रा होतात. तिहाईचा तुकडा ‘अ’ मात्रांचा आणि दोन तुकड्यांमधली विश्रांती ‘ब’ मात्रांची असेल, तर तीन ‘अ’ अधिक दोन ‘ब’ बरोबर सतरा. पूर्ण मात्रांत याची उत्तरे तीनच येतात: पाच आणि एक, तीन आणि चार, एक आणि सात. सतरा विषम आणि दोन ‘ब’ सम, म्हणून ‘अ’ विषमच असला पाहिजे, हे तिने कोणी न सांगता लिहिले होते. उत्तरे सापडली एवढ्यावर ती थांबली नव्हती, याहून जास्त उत्तरे असूच शकत नाहीत हेही तिने दाखवले होते, आणि मला तेच महत्त्वाचे वाटले.

पुढे मी तिला लघु-गुरूंच्या मोजणीकडे नेले. एक मात्रेचा लघु आणि दोन मात्रांचा गुरू घेऊन चार मात्रा पाच प्रकारे, पाच मात्रा आठ प्रकारे आणि आठ मात्रा चौतीस प्रकारे भरता येतात, आणि प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असते. हा नियम विरहांक आणि बाराव्या शतकातील हेमचंद्र या छंदशास्त्रकारांनी युरोपात फिबोनाची यांचे नाव होण्याआधीच मांडला होता. तेराव्या शतकातील शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात सात स्वरांच्या ५०४० क्रमांचा हिशेब आहे, आणि एखादा क्रम यादीत कितवा येतो हे शोधण्याची रीतही आहे. २०१४ साली गणितातले फील्ड्स पदक मिळवणारे मंजुल भार्गव स्वतः तबला शिकलेले आहेत आणि या मोजणीविषयी त्यांनी जाहीर व्याख्याने दिली आहेत. भौतिकशास्त्राच्या बाजूनेही हे क्षेत्र भरलेले आहे. तंबोऱ्याच्या जवारीमुळे (तार जिच्यावर टेकते त्या घोडीच्या घासलेल्या पृष्ठभागामुळे) तारेत कोणते उपस्वर उमटतात यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहिले, आणि शाई (मधला काळा लेप) लावल्यामुळे तबला-मृदंगाच्या पुडीचे उपस्वर मूळ स्वराशी सुसंवादी कसे होतात हेही त्यांनीच दाखवले.

एवढे समृद्ध नाते असूनही, या नात्यामुळे दोन पदव्या आवश्यक ठरत नाहीत, असे माझे मत आहे आणि ते मी तिला स्पष्ट सांगितले. गणित आणि संगीत जिथे एकमेकांना भेटतात, तो भाग दोन्ही पदव्यांच्या अभ्यासक्रमांत फारसा येत नाही. गणिताच्या पदवीत विश्लेषण, बीजगणित आणि समीकरणे असतात. संगीताच्या पदवीत राग, ताल, इतिहास आणि प्रात्यक्षिक असते. दोन्ही पदव्या मिळवूनही तो मधला भाग विद्यार्थ्याला स्वतःच शोधावा लागतो. म्हणून आम्ही प्रश्न वेगळा मांडला: पुढे ज्या वाटांवर तिला जावेसे वाटेल, त्यांपैकी कोणत्या वाटेवर कोणता कागद लागतो आणि कोणत्या वाटेवर कागदापेक्षा तयारी लागते?

आधी नियम काय सांगतात ते पाहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १३ एप्रिल २०२२ रोजी दोन शैक्षणिक अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यास परवानगी देणारी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वर्गांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष उपस्थितीचे चालतात. एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन चालतो. दोन्ही दूरस्थ किंवा ऑनलाइनही चालतात. दूरस्थ अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेचाच हवा, आणि पीएच.डी.ला ही सवलत नाही. या परवानगीची प्रत्यक्ष व्यवस्था मात्र प्रत्येक विद्यापीठाने आपल्या अधिकार मंडळांतून करायची आहे. त्यामुळे आयोगाचा कागद हातात असला तरी महाविद्यालयाच्या खिडकीवर काम अडू शकते. सर्वांत साधी अडचण टीसीची, म्हणजे आधीची संस्था सोडल्याच्या दाखल्याची, असते. मूळ टीसी एकच असते आणि नियमित प्रवेश देणारे महाविद्यालय ती जमा करून घेते. दूरशिक्षणात ती साधारणपणे मागितली जात नाही, म्हणून एक नियमित आणि एक दूरस्थ ही जोडी व्यवहारात जास्त सुटसुटीत पडते.

मग गणित नियमित आणि संगीत दूरस्थ, हे उत्तर सरळ दिसते. तिच्या वडिलांनाही तेच वाटत होते. “सर, गाणं तर ती गुरुजींकडं शिकतेच, मग नुसती परीक्षा द्यायची की,” असे ते म्हणाले. या म्हणण्यात तथ्य आहे, पण जी पदवी मुख्यतः प्रात्यक्षिकावर उभी आहे ती दूरस्थ पद्धतीने घेताना तिचा दर्जा आणि पुढील मान्यता दोन्ही बारकाईने तपासावी लागतात. चित्रकलेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर हे पक्के लक्षात ठेवावे की दृश्यकला आणि उपयोजित कला यांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने देण्यास आयोगाची परवानगी नाही. म्हणजे गणित आणि चित्रकला अशी जोडी हवी असेल तर चित्रकलाच नियमित घ्यावी लागेल आणि दूरस्थ बाजूला गणित जाईल, ही गोष्ट अनेकांना उशिरा कळते.

नियमित संगीत-पदवीचा पर्यायही पाहिला. धारवाडला कर्नाटक विद्यापीठाची संगीत-शिक्षणाची परंपरा आहे आणि मन्सूरांनी तिथे संगीत विभागाचे काम पाहिलेले आहे. परंतु धारवाड बेळगावपासून सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवर आहे, खानापूर बेळगावपासून सव्वीस किलोमीटरवर. विज्ञानाच्या विद्यार्थ्याची दुपार प्रयोगशाळेत जाते आणि हजेरी पंचाहत्तर टक्के लागते. दोन शहरांत दोन नियमित पदव्या ही कल्पना इथेच संपली. अमेरिकेत ओबर्लिनसारख्या संस्थेत संगीत आणि दुसरा विषय अशी दुहेरी पदवी घेता येते, पण तो अभ्यासक्रम पाच वर्षांचा धरलेला असतो आणि दोन्ही शाळा एकाच आवारात असतात. तिथल्या उदाहरणावर विसंबून इथे तीन वर्षांत दोन पदव्या बसवू पाहणे अन्यायाचे आहे, आणि तो अन्याय मुलांच्या अंगावर पडतो.

एकाच पदवीत दोन्ही विषय घेण्याचा मार्गही शोधला. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी कर्नाटकात २०२१-२२ पासून सुरू झाली तेव्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्याला बाहेरच्या शाखेचा खुला ऐच्छिक विषय घेण्याची सोय होती. २०२४-२५ पासून राज्याने पुन्हा तीन मुख्य विषयांची तीन वर्षांची पदवी आणली. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत विषयांचे गट ठरलेले असतात, आणि गणिताच्या गटात संगीत बसत नाही. महाराष्ट्रात मुख्य-दुय्यम विषयांची रचना आहे आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ बेळगावहून सुमारे एकशे दहा किलोमीटरवर आहे. सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषिकांसाठी महाराष्ट्र शासनाच्या प्रवेशविषयक काही सवलती आहेत. त्यांसाठी गाव त्या यादीत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. हे दाखले मी प्रत्येक विद्यार्थ्याला वेळेत काढून ठेवायला सांगतो, लागोत वा न लागोत. परंतु कोल्हापूरला जायचे म्हणजे वसतिगृह आले, खानावळ आली आणि गुरुजींची तालीम सुटली. बेळगावला येण्या-जाण्याचा तिचा खर्च महिलांना मोफत बसप्रवास देणाऱ्या कर्नाटकाच्या शक्ती योजनेमुळे, जून २०२३ पासून, शून्य आहे. गरीब घरातल्या मुलीच्या नियोजनात हा मुद्दा गौण नाही.

यानंतर आम्ही वेळेचा हिशेब मांडला, आणि या प्रकरणाला खरी कलाटणी तिथे मिळाली. बी.एस्सी.चे तास आणि प्रयोगशाळा मिळून आठवड्याला सुमारे तीस तास. खानापूर-बेळगाव जाणे-येणे आणि बसची वाट पाहणे रोज दोन तास, म्हणजे सहा दिवसांचे बारा. पहाटेचा रियाज रोज दोन तास, आठवड्याचे चौदा. गुरुजींकडची तालीम तीन तास. गणिताचा स्वतःचा अभ्यास कमीत कमी पंधरा तास, कारण सिद्धता नुसती वाचून येत नाही, ती कोऱ्या कागदावर स्वतः उभी करावी लागते. ही बेरीज चौऱ्याहत्तर होते. रात्रीची सात तासांची झोप धरली की एकशे तेवीस. आठवड्याच्या एकशे अडुसष्ट तासांतून पंचेचाळीस उरतात, त्यांत जेवणखाण, घरकाम, आजारपण, सणवार सगळे आले.

आता दूरस्थ पदवी. इग्नूमध्ये (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) एक श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, तीस तासांच्या अभ्यासाचा धरतात. बी.ए. १३२ श्रेयांकांची धरली आणि ती तीन वर्षांत करायची तर वर्षाला चव्वेचाळीस श्रेयांक, म्हणजे १३२० तास, म्हणजे आठवड्याला पंचवीस तासांहून अधिक. पंचेचाळीसमधून ते वजा केले तर दिवसाला तीन तासही उरत नाहीत. हा हिशेब मी वडिलांसमोर, तिच्याकडूनच फळ्यावर करून घेतला. सांगितलेली अडचण माणूस युक्तिवादाने खोडतो, स्वतःच्या मुलीने मांडलेली वजाबाकी खोडता येत नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी विचारले, “तीनच वर्षांत करायला पाहिजे असं कुठं आहे?”

प्रश्न अगदी योग्य होता. इग्नूची तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. सहा वर्षांवर पसरली तर आठवड्याला सुमारे तेरा तास लागतात, आणि हे शक्यतेच्या कक्षेत येते. परीक्षांचा एक धोका मात्र उरतो. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये सुरू होऊन पुढच्या महिन्यापर्यंत चालतात, आणि विद्यापीठाच्या सत्र परीक्षा त्यांच्या आसपास आल्या की दोन वेळापत्रके एकमेकांवर येतात. त्या वेळी दूरस्थ बाजूचे पेपर पुढच्या खेपेला ढकलता येतात, नियमित बाजूचे ढकलले तर वर्षाचे नुकसान होते. म्हणून कोणतेही दुहेरी नियोजन करताना पुढे सरकवता येणारी बाजू कोणती आणि न सरकणारी कोणती, हे प्रवेशाआधीच लिहून ठेवावे.

पण दुसरी पदवी शक्य आहे, एवढ्याने ती घ्यावी असे ठरत नाही. तिच्यामुळे नेमके काय मिळते, हे आम्ही एकेक वाट घेऊन तपासले. स्पर्धा परीक्षांना एक पदवी पुरते. दुसरीमुळे पात्रता वाढत नाही. माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे तर बी.एस्सी. आणि बी.एड. लागते. एम.एस्सी. गणितासाठी पदवीला गणित असावेच लागते आणि तिथे मागच्या दाराने प्रवेश नाही. विश्लेषण आणि बीजगणित न करता आलेला विद्यार्थी पहिल्या महिन्यातच अडकतो. एम.ए. संगीताची स्थिती वेगळी आहे. अनेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेची पदवी असलेल्या उमेदवाराला विशारद (गांधर्व मंडळाची वरची परीक्षा) किंवा तत्सम तयारीवर, अथवा प्रात्यक्षिक चाचणी घेऊन प्रवेश मिळतो. ही अट विद्यापीठागणिक बदलते, म्हणून प्रवेशाच्या वर्षी त्या त्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचूनच खात्री करावी. पुढे महाविद्यालयात संगीत शिकवायचे तर नेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षेसाठी संगीताचीच पदव्युत्तर पदवी लागते, संगीताची पदवी नसली तरी चालते.

या असमानतेवर माझा सगळा सल्ला उभा आहे. गणिताच्या वाटेवर मधली पायरी गाळता येत नाही, संगीताच्या वाटेवर ती तालमीने आणि विशारदने भरून काढता येते. म्हणून पदवीची तीन वर्षे नियमित गणिताला द्यावीत, संगीताची प्रगती गुरुजी आणि मंडळाच्या परीक्षा यांच्यावर सोपवावी, आणि दोन पदव्यांचा विचार पदव्युत्तर पातळीवर न्यावा. आयोगाची २०२२ ची परवानगी त्या पातळीलाही लागू आहे. दोन पदव्या एकाच तीन वर्षांत कोंबण्यापेक्षा पाच-सहा वर्षांच्या नकाशावर मांडल्या की दोन्ही विद्यांना पुरेशी जागा मिळते.

गांधर्व मंडळाच्या क्रमात तिच्यापुढे मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण अशा तीन परीक्षा आहेत. वर्षाला एक धरली तर त्या पदवीच्या तीन वर्षांशी जुळतात. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, त्यामुळे एखादे सत्र महाविद्यालयाच्या परीक्षेत अडकले तर दुसरे मोकळे असते. कर्नाटकात ज्युनिअर, सीनिअर, विद्वत अशी संगीत परीक्षांची वेगळी मालिका आहे, पण निम्मी वाट चालून झाल्यावर मालिका बदलण्यात तिला लाभ नव्हता.

गुरुजींशी मी बोललो तेव्हा त्यांनी पदवीविषयी फारसे काही विचारले नाही. सकाळच्या बसमुळे पहाटेचा षड्ज, म्हणजे ‘सा’चा रियाज, चुकणार का, एवढेच त्यांनी विचारले. मला हा प्रश्न आमच्या सगळ्या नियम-वाचनाइतकाच मोलाचा वाटतो. आईची चिंता संध्याकाळच्या परतीची होती: तालमीच्या दिवशी उशीर होतो आणि पावसाळ्यात खानापूरच्या पुढे गावाकडे जाणारी बस बेभरवशाची असते. त्यावर तालीम शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी अशी हलवून घेतली. गुरुजींनी ते लगेच मान्य केले.

विषयगटाबाबत मात्र माझे आणि विद्यार्थिनीचे मत जुळले नाही. मी गणित, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र सुचवले, कारण पुढे नोकरीच्या वाटा त्यात जास्त आहेत आणि नादाचे संगणकीय विश्लेषण करायचे तर तेच कामी येते. तिला भौतिकशास्त्र हवे होते, कारण तार आणि पुडी कशी कंप पावते हे तिला प्रयोगशाळेत पाहायचे होते. तिने गणित, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र हा गट निवडला. तिचे कारण माझ्या कारणापेक्षा कमी व्यवहारी असले तरी जास्त खरे होते, म्हणून मी आग्रह धरला नाही. तरंग समीकरण पदवीच्या पुढच्या वर्षांत येते तेव्हा तिला तंबोऱ्याची तार आठवेल आणि अभ्यास जड जाणार नाही, असे मला वाटते.

ठरलेला आराखडा असा आहे. पहिल्या वर्षी बेळगावात नियमित बी.एस्सी. आणि मध्यमा पूर्ण. दुसरी कोणतीही नोंदणी नाही. दुसऱ्या सत्राचा निकाल लागल्यावर आढावा घ्यायचा. गणितात ती सिद्धतेचे प्रश्न स्वतः सोडवू शकत असेल आणि रियाज दिवसाला दीड तासाच्या खाली गेला नसेल, तरच तिसऱ्या सत्रापासून दूरस्थ बी.ए. सहा वर्षांच्या गतीने सुरू करायची की नाही, याचा विचार करायचा. यांपैकी एक अट जरी मोडली तर तो विषय विशारद पूर्ण होईपर्यंत बंद. शेवटच्या वर्षी एम.एस्सी. गणित आणि एम.ए. संगीत या दोहोंच्या माहितीपुस्तिका आणायच्या, धारवाड आणि कोल्हापूर दोन्हीकडच्या, आणि त्या वर्षीच्या अटी पाहून निर्णय घ्यायचा. ८६५ गावांच्या यादीतील दाखला, मातृभाषेचा दाखला, कर्नाटकातील वास्तव्याचा दाखला आणि टीसीच्या साक्षांकित प्रती एका फायलीत राहतील. ती फाईल वडिलांनी स्वतःकडे घेतली आहे.

दूरस्थ बी.ए.चा मुद्दा वडिलांनी अजून पूर्णपणे सोडलेला नाही. पहिल्या आढाव्याच्या बैठकीला गुरुजींनीही यावे, असा त्यांचा आग्रह आहे, आणि गुरुजींनी तो मान्य केला आहे.